देव अडवण्याचा मान

धरणात पाणी भरलं त्या साली आमची भातखाचरं गेली. वाडी वर डोंगराच्या पोटाशी होती म्हणून घरं तेवढी वाचली, पण घर काही शिजवून खाता येत नाही. उरली ती वरकस जमीन, नाचणी-वरईची. तिचं पीक पौष-माघापर्यंत पुरायचं. मग आई आणि दादा गाठोडं बांधून खाली नारायणगावच्या बाजूला उतरायचे. वडलांना आम्ही दादाच म्हणतो. सकाळी मजूर उभे राहतात त्या ठिकाणी जाऊन उभं राहायचं, बागाईतदार टेम्पो घेऊन यायचा, माणसं निरखून घ्यायचा, आणि मग दिवसभर कांदा काढायचा नाहीतर टोमॅटो तोडायचे. ज्या पाण्यानं आमची खाचरं गिळली तेच पाणी कालव्यानं त्या मळ्यांत आलेलं असायचं. आई एकदा पाटावर तोंड धुताना म्हणाली, “हे आपलंच पाणी की वो.” दादा म्हणाले, “आपलं असतं तर आपण बांधाच्या ह्या बाजूला नसतो.”

मी तेव्हा आश्रमशाळेत. दिवाळीला घरी यायचं आणि चैत्रातल्या यात्रेला यायचं. दिवाळीचं मला फारसं काही वाटत नसे. यात्रेचं वाटे, कारण त्या एका दिवशी माझे वडील कुणाचे मजूर नसत.

गाव मूळचं खाली नदीकाठी होतं. ते बुडालं आणि गावठाण उठून पार पूर्वेला, डांबरी सडकेच्या कडेला बसलं. आम्ही वाडीवाले वरच राहिलो. देव गावठाणाबरोबर गेला. देव म्हणजे मूर्ती नाही, तांदळा. शेंदूर लावून लावून गुळगुळीत झालेला गोल दगड. वर्षातून एकदा तो पालखीत बसून पाण्याच्या कडेला येतो. चैत्रात पाणी आटलेलं असतं, जुन्या देवळाचं जोतं उघडं पडतं, तिथं देवाला आंघोळ घालतात, नैवेद्य दाखवतात. परत जाताना पालखी आमच्या वाडीच्या वळणावर आली की वाडीतले पुरुष रस्त्यात आडवे पडत. सगळ्यांत पुढं दादा.

“देव न्यायचा नाय,” दादा पडल्या पडल्या ओरडायचे.

सरपंच नारळ आणि फेटा घेऊन पुढं यायचा. “उठा पावणं, देवाला उशीर व्हतोय.”

“आमचा देव हाये.”

“तुमचाच हाये, कोण नाय म्हणतंय? मान घ्या आन वाट द्या.”

मग दादा उठायचे, कपड्यावरची धूळ झटकायचे, डोकं पुढं करायचे. सरपंच आपल्या हातानं फेटा बांधायचा. हलगी वाजायची, सगळ्या वाडीला पंगतीचं आवतन मिळायचं. मी पोरींच्या घोळक्यातून दाखवायची, ते बघा, फेटेवाले, ते माझे दादा. देव अडवण्याचा मान आमच्या घराला होता. तो कधीपासून होता असा प्रश्न मला पडला नाही. डोंगर कधीपासून आहे असं कोण विचारतं?

वाडीत एकच पुरुष यात्रेला येत नसे, माझे थोरले चुलते. त्यांना मी नाना म्हणते. यात्रेच्या दिवशी ते शेरडं घेऊन रानात जायचे. त्यांचा उजवा हात मनगटात वाकडा आहे. हिरड्याच्या झाडावरून पडले, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आमच्याकडं हिरडा गोळा करताना माणसं पडतातच, त्यात नवल नव्हतं. नाना आणि दादा बोलत नसत. का, तर बांधावरून, असं सगळे म्हणत. बांधावरून न बोलणारे भाऊ प्रत्येक वाडीत असतात. मी मात्र दोन्ही घरी जेवायची.

जुन्नरला कॉलेजात गेले. आमच्या वाडीतली मी पहिली पदवीधर. हे मी मान खाली घालून सांगत नाही, कारण खाली घालण्यासारखं त्यात काही नाही. वसतिगृहाची गळकी खोली, बाजारपेठेतल्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली जुनी पुस्तकं, सुट्टीला शेवटच्या एसटीनं घरी. इतिहास घेतला, कारण त्या वर्गात जागा होती.

दुसऱ्या वर्षाला युरोपचा मध्ययुगीन इतिहास होता. दुपारचा तास, अर्धा वर्ग पेंगलेला. सर सांगत होते की हजार वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या फौजा इंग्लंडवर येत. एका स्वारीत त्यांनी तिथल्या आर्चबिशपला, म्हणजे धर्मपीठाच्या प्रमुखाला, धरून नेलं आणि जेवणाच्या धुंदीत हाडं, बैलांची मुंडकी फेकून ठार मारलं. त्याला लंडनमध्ये पुरलं. लोक त्याला संत मानायला लागले. पुढं काही वर्षांनी एका डॅनिश राजानं सगळं इंग्लंडच जिंकलं, आणि त्याच राजानं त्या संताचे अवशेष लंडनहून काढून मोठ्या मानानं त्याच्या पीठाच्या गावी, कँटरबरीला नेले.

मी मागच्या बाकावरून विचारलं, “सर, लंडनवाल्यांनी अडवलं नाही?”

“का अडवतील?”

“त्यांचा देव चालला होता ना.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “अडवलं असतं असं एका ठिकाणी लिहिलंय. तास संपल्यावर ये.”

तिथून जे सुरू झालं ते एम.ए. झालं, नेटची परीक्षा झाली, त्याच जुन्नरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं सुरू झालं, तरी संपलं नाही. पीएच.डी.ला विषय तोच घेतला: डॅनिश अमलाखालच्या इंग्लंडमधली पहिली दहा वर्षं, राजा आणि धर्मपीठ. सर माझे मार्गदर्शक. तासिकेवरच्या माणसाला उन्हाळ्यात काम नसतं, पुढच्या जूनमध्ये बोलावतील का तेही ठाऊक नसतं. कायमची जागा निघणार होती, पण डॉक्टरेट असलेला माणूस त्यांना हवा होता. प्रबंध मंजूर झाला तर मी, नाहीतर दुसरं कुणी. सगळं त्याच्यावर होतं.

वाडीत विषय सांगणं अवघड. नाना बेल्ह्याच्या बाजारात खोंडं घेऊन जायचे, त्यांना जगाचा भूगोल बेल्ह्यापासून मोजायची सवय.

“डेन्मार्क म्हंजी कुठं आलं गं? बेल्ह्याच्या पुढं?”

“बेल्ह्याच्या लई पुढं, नाना.”

“बैल कसलं असत्यात तिथं?”

“गाई असतात. दुधाच्या.”

“मंग तू काय शिकतीस, दूध?”

“त्यांच्या राजानं दुसऱ्याचं राज्य कसं चालवलं, ते.”

नाना जरा वेळ तंबाखू मळत राहिले. “ते शिकाय डेन्मार्कला कशाला जावं लागतं? गावठाणात जा की.”

मला तेव्हा ते थट्टेचं वाटलं.

आणि खरं तर ती दहा वर्षं मला परकी वाटलीच नाहीत. पहिल्या सालात राजानं जबर कर बसवला, लंडनवर वेगळा. जुन्या सरदारांतले काही मारले. मग मेलेल्या जुन्या राजाच्या विधवेशी लग्न केलं. हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं म्हणतात, “म्हणजे घरजावई झाला, मॅडम.” आमच्या गावचा धरणाच्या वेळचा सरपंचही घरजावईच होता, म्हणून पोरांची ती भाषा मी खोडत नाही. मग राजाला देऊळ-धर्म आठवला. जिथं लढाई जिंकली त्या टेकडीवर चर्च बांधलं. मठांना जमिनी दिल्या. यॉर्कचा एक आर्चबिशप होता, तो आधी प्रवचनात सांगायचा की डॅनिश लोक म्हणजे आपल्या पापाची शिक्षा. राज्य बदलल्यावर तोच त्या डॅनिश राजासाठी कायदे लिहायला बसला, आणि कायदे चांगले लिहिले. नवीन पार्टी निवडून आली की आधी विरोधकांच्या आळीचं नळाचं काम थांबतं, मग देवळाच्या मंडपावर पत्रे पडतात, आणि कीर्तनकार दोन्ही वेळा तोच असतो. हे पाहिलेल्या माणसाला ती दहा वर्षं कळायला जड नाहीत.

जड होतं ते चौथं प्रकरण, संताच्या अवशेषांचं. त्याच्या दोन हकिकती आहेत. एक त्याच काळातल्या बखरीत: राजानं परवानगी दिली, बिशप आणि सरदार यांनी मानानं पेटी उचलली, नावेतून नदीपार नेली, सगळं आनंदात झालं. दुसरी दोन पिढ्यांनंतर कँटरबरीच्याच एका संन्याशानं लिहिलेली: लंडनचे लोक खवळतील म्हणून राजानं शिपायांना शहराच्या लांबच्या वेशींवर मुद्दाम भांडणं उकरायला लावली, पूल आणि नदीचे काठ धरून ठेवले, आणि तेवढ्या वेळात संत काढून नेला. एकीत मान, दुसरीत जोर. अभ्यासक बहुतेक म्हणतात, जवळची बखर धरा, नंतरची गोष्ट मीठमसाला लावलेली.

मला वाटलं, यांना कुणाला देव नेताना बघायलाच मिळालेलं नाही. मी लिहिलं की दोन्ही हकिकती खऱ्या आहेत आणि दोन्हींत भांडण नाही. देव जाताना लोक अडवतात, हा विधी असतो. अडवणं हाच निरोप असतो. लांबून पाहणाऱ्याला ते भांडण दिसतं, आतल्याला तो मान वाटतो. आधाराला आमच्या गावची यात्रा दिली. दादांचा फेटा, नारळ, सरपंचाचे शब्द, सगळं. ते पान लिहिताना मी इतकी खूश होते की त्या संध्याकाळी वसतिगृहातल्या पोरींना चहा पाजला. दादांना प्रबंधात बसवलं होतं मी.

प्रबंध द्यायच्या आधी समितीपुढं सादरीकरण असतं. समितीत एक बाई होत्या, उतारवयाच्या, आवाज हळू. सगळं ऐकून घेतलं आणि चौथ्या प्रकरणावर आल्या.

“तुमच्या गावची ही परंपरा जुनी आहे?”

“हो मॅडम. पूर्वापार.”

“पालखी पाण्याच्या कडेला का येते?”

“जुनं देऊळ पाण्याखाली आहे म्हणून.”

“पाणी कधी आलं?”

“मी चारेक वर्षांची असेन.”

“म्हणजे ही पूर्वापार परंपरा तुमच्यापेक्षा लहान आहे.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

“पहिल्या वर्षी काय झालं होतं?” त्यांनी विचारलं. “देव गाव सोडून निघाला त्या दिवशी. तेव्हा तर मान ठरलेला नव्हता. तेव्हा लोक का आडवे पडले?”

मी स्वतःला इतिहासाची प्राध्यापक म्हणवत होते. हजार वर्षांपूर्वीच्या नावेत कोण कोण बसलं होतं ते मला पाठ होतं, आमच्या रस्त्यात कोण का पडलं ते नव्हतं. प्रकरण परत आलं. मुदत पावसाळ्याच्या आत संपणार होती. सर बाहेर येऊन एवढंच म्हणाले, “गावाचा भाग काढून टाक, बाकीचं पास होईल.” पण तो भाग काढला तर खाली उरत काय होतं? पाया काढून भिंत ठेवा म्हणण्यासारखं ते.

एसटीत बसल्यावर एक जुनी गोष्ट डोळ्यापुढं आली. मी आईच्या कडेवर आहे, धुरळा आहे, माणसं रस्त्यावर पडलेली आहेत, आणि कुणीतरी ओरडतंय. हे मी यात्रेच्या खात्यात टाकलेलं होतं. पण यात्रेत ओरडणाऱ्याचा आवाज तसा नसतो. आणि त्या आठवणीत हलगी नव्हती.

घरी गेले तेव्हा दादा राब करत होते. नाचणीचं रोप टाकायच्या जागेवर पाला, शेणकूट पसरून जाळतात, तो राब. मी फांद्या ओढायला लागले. मग मी विचारलं, “दादा, पहिल्या साली तुम्हाला नारळ कुणी दिला?”

ते पाला पसरत राहिले.

“पहिल्या साली नारळ नव्हता,” म्हणाले.

“मग?”

“मंग काय? काठ्या व्हत्या.”

आई बांधावर होती, तिनं डोक्यावरचा भारा तिथंच टाकला. “कशाला आता ते?”

“इचारतीय ती. शिकलेली हाये. इचारणारच.”

मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. वाडीवाल्यांचं म्हणणं होतं की देव वर खिंडीत बसवा, तिथून त्याला आपलं बुडालेलं गाव तरी दिसेल. गावठाणवाले म्हणाले, जिथं घरं जास्त तिथं देव. निकाल सरपंचानं लावला. एका सकाळी जीप आली, बरोबर गावठाणाची माणसं. दोन पोलीसही होते, ते नदीकडं तोंड करून उभे राहिले. नाना आणि दादा रस्त्यात आडवे पडले. दादांना चौघांनी उचलून कडेच्या निवडुंगात टाकलं. नाना उठले आणि त्यांनी पालखीचा दांडा धरला.

“सोडला नाय त्यानं,” दादा म्हणाले. “फरफटत गेला दांड्यासंगट. मंग हातावर बसली एक.”

“हिरड्याचं झाड...”

“केस नको म्हणून तसं सांगितलं. सगळ्यांनीच सांगितलं. मंग तेच खरं झालं.”

पुढच्या वर्षी पालखी पाण्यावर यायची ठरली तेव्हा सरपंच स्वतः वाडीवर चढून आला. फेटा घेऊन. म्हणाला, भाऊ, झालं गेलं धरणाला मिळालं. देवाला अडवायचा मान आजपासून तुमच्या घराला. नाना उंबऱ्यातून आत निघून गेले. जाताना भावाला म्हणाले, तू हा फेटा बांधलास तर मला भाऊ नाय.

“आणि तुम्ही बांधलात,” मी म्हणाले. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण आवाज तसाच निघाला.

दादांनी माझ्याकडं बघितलं. “तुला शाळंत घालायची व्हती. दाखल्यावर सही त्याची. रस्ता त्याचा. उन्हाळ्यात टँकर यायचा, त्यो बी त्याचाच. रोज त्याच वाटंनं जायाचं असल्यावर माणूस किती दिस तोंड फिरवून जाईल?” काठीनं पाला सारखा केला. “आन खरं सांगू का? मला बी वाटलं घ्यावा. मजुराला कोण फेटा बांधतंय?”

राब पेटवायचा राहिला. आईनं भाकरी आणली तीही तशीच राहिली.

मी वाडीत चार-आठ दिवस काढले आणि तिथंच चौथं प्रकरण नव्यानं लिहिलं. आधी मी दोन्ही हकिकती सारख्याच खऱ्या ठरवल्या होत्या. आता मला दिसत होतं की जवळच्या बखरकाराला त्याच राजाच्या राज्यात राहायचं होतं. मठाच्या जमिनी राजाच्या सहीवर होत्या. तो “मानानं नेलं” लिहिणार नाही तर काय लिहिणार? आणि दोन पिढ्यांनी, राजाचं घराणं संपल्यावर, कुणाच्या आज्यानं सांगितलेलं दुसऱ्या कुणी लिहून ठेवलं असेल. जवळचा साक्षीदार खरा, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. जवळच्याला रोज त्याच वाटेनं जायचं असतं, हे शिकवत नाही. लंडनला जोर झाला असं मी म्हटलं नाही, तसं सिद्ध करता येत नाही. एवढंच म्हटलं की बखरीत विरोध नाही म्हणून विरोध झालाच नाही, असं धरू नये.

गावाचा भाग ठेवायचा की नाही, हे मी दादांना विचारलं. ते म्हणाले, “लिव. पण माझं नाव नको. थोरल्याचं बी नको. साल नको.” प्रबंधात मी ते पाळलं. इथंही पाळते आहे.

नानांकडं जायचं धाडस मला झालं नाही. पण वाडीत भिंती कुडाच्या असतात, त्यांच्या कानावर गेलंच असणार.

मग यात्रा आली. सरपंच आता त्या सरपंचाचा मुलगा आहे. जुना सरपंच थकलाय, काठी लागते, तो टेम्पोत पुढं बसून येतो. आंघोळ, नैवेद्य, सगळं रीतीनं झालं. पालखी वळणावर आली. दादा आडवे पडले, मागं वाडीतले बाकीचे. मी बायकांत उभी होते.

“उठा मामा,” तरुण सरपंच फेटा घेऊन आला. “ऊन लई झालंय.”

दादा उठले नाहीत. “आधी थोरल्याला आणा.”

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “आज मामानं भाव वाढवला.”

“मान थोरल्याचा. त्याला आणा, मंग मी उठतो.”

हसणं हळूहळू थांबलं. हलगीवाल्यानं हलगी खाली केली. जुना सरपंच टेम्पोच्या खिडकीतून म्हणाला, “त्या गोष्टीला लई वर्षं झाली, राव. आता कशाला?”

“मंग दर साली फेटा कशाला देतोस?”

त्यावर तो काठीची मूठ बघत बसला.

एका पोरानं मोटारसायकल रानाच्या वाटेला घातली. पालखीवाले खांदे बदलत उभे राहिले. बऱ्याच वेळानं नाना आले, पुढं शेरडं, मागं ते. रस्त्यावर आले नाहीत, बांधावरच थांबले. तरुण सरपंच त्यांच्याकडं गेला आणि दोन्ही हातांवर फेटा धरला. मुलगा वाईट नाही. जीप आली त्या सकाळी तो पाळण्यात असेल.

“फेटा नको,” नाना म्हणाले. “हात कशानं मोडला ते सांग. एवढ्या माणसांत सांग, मंग जा देव घेऊन.”

त्यानं टेम्पोकडं पाहिलं. टेम्पोतून काही आलं नाही. तोही काही बोलला नाही. मग कुणीतरी पालखीवाल्यांना खूण केली, आणि त्यांनी पालखी रस्त्यावरून उतरवली, पडीक रानातून, ढेकळांतून फिरवली आणि पलीकडं पुन्हा सडकेला लावली. देव आमच्या माणसांना वळसा घालून गेला. धुरळा खाली बसला तरी दादा तिथंच पडून होते. बाकीचे कधीच उठले होते. मी पुढं व्हायला लागले तर आईनं दंड धरला.

नाना बांधावरून उतरले. वाकडा हात पुढं केला. “ऊठ,” म्हणाले. “गेला देव.”

दादांनी तो हात धरला आणि उठले.

त्या वर्षी वाडीला पंगतीचं आवतन आलं नाही. लोक आमच्यावर चिडले. “दोन भावांच्या हट्टापायी आमचं जेवाण बुडालं,” हे मी पाणवठ्यावर माझ्या कानानं ऐकलं. पुढच्या चैत्रात देव अडवायचा मान वाडीतल्या दुसऱ्या घराला दिला गेला. त्या घरानं घेतला. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांची पोरं अजून शाळेत आहेत.

प्रबंध मुदतीत दिला. तोंडी परीक्षेला दादा आणि नाना दोघं पुण्याला आले, धुतलेल्या टोप्या घालून मागच्या रांगेत बसले. बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, “बखरकार भीतीमुळं गप्प राहिला, हे कशावरून?” मी म्हणाले, “मला ठाऊक नाही. तो गप्प आहे एवढंच ठाऊक आहे. त्या गप्प बसण्याचा अर्थ संमती असा लावला गेलाय, तो लावू नये, एवढंच माझं म्हणणं.” त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

बाहेर जिन्यात नानांनी विचारलं, “मंग त्या लंडनवाल्यांचा देव परत आला का?”

“नाही आला, नाना.”

“नाय यायचा,” ते म्हणाले, आणि दादांना म्हणाले, “चल, गाडी सुटंल.”

चौथ्या प्रकरणात एकही दुरुस्ती सांगितली गेली नाही. प्रबंध मान्य झाला. जूनपासून मी त्याच कॉलेजात कायमची प्राध्यापक आहे. आमच्या वाडीतली मी पहिली पदवीधर आणि पहिली डॉक्टर. दादा आणि नाना बोलतात.